गुडघ्याची वाटी आणि एक्स-रेच्या खोलीतली मराठी

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानसत्रात इंदूर येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



निमंत्रण आले तेव्हा मला वाटले, पत्ता चुकला. मी साहित्यिक नाही, भाषाशास्त्रज्ञही नाही. नोकरीची सगळी वर्षे एक्स-रे काढण्यात गेली, आणि आता निवृत्तीनंतर ते कसे काढायचे हे मुलांना शिकवतो. पण अकादमीच्या चिटणीसांनी फोनवर सांगितले, ‘तुमच्या खोलीत जी मराठी बोलली जाते तीच ऐकायची आहे.’ तेव्हा मी होकार दिला, कारण त्या मराठीबद्दल माझ्या मनात बरीच वर्षे एक बोच आहे. ती सांगायला मी अख्खा देह घेणार नाही. अडीच बोटांचे एक हाड घेतो. गुडघ्याची वाटी.

आपण मराठी माणसे तिला वाटी म्हणतो. डॉक्टर पॅटेला म्हणतात, आणि हा लॅटिन शब्द ऐकून मुले दबून जातात. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे छोटी परात, पसरट ताटली. म्हणजे रोमच्या माणसाला आणि माझ्या आजीला या हाडात स्वयंपाकघरातले भांडेच दिसले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘कपाल’ वर्गात डोक्याच्या हाडांबरोबर गुडघ्याचे हाडही बसवलेले आहे. कपाल म्हणजे खापर, खोलगट तुकडा. वडोदऱ्याला गेलात तर गुजराती माणूस तिला ढांकणी म्हणतो, झाकण. बेळगावच्या बाजूला कानडीत मंडिचिप्पु, हैदराबादेत तेलुगूत मोकालि चिप्पा. चिप्पा म्हणजे करवंटी, शिंपला, त्या जातीचे काहीतरी. इकडे आमच्या हिंदीत कटोरीही म्हणतात आणि चक्कीही. ही चक्की मला जरा वेगळी वाटायची. मग गोव्याच्या एका सहकाऱ्याने सांगितले की पोर्तुगीजमध्ये तिला रोतुला म्हणतात, म्हणजे लहानसे चाक. पणजीला १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, तिथे शिकवणे पोर्तुगीजमधून होई, त्यामुळे तिथल्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तो शब्द होता. म्हणजे कोणाला भांडे दिसले, कोणाला झाकण, कोणाला चाक. आपण जिथे जिथे जाऊन राहिलो त्या सगळ्या गावांत या एका हाडाला नाव आहे आणि ते घरातलेच आहे. परके कोणालाच वाटले नाही. परके झाले ते एक्स-रेच्या खोलीत.

आता हाडाविषयी थोडे. मांडीच्या पुढच्या बाजूचा जो मोठा स्नायू आहे, त्याची दोरी गुडघ्यावरून खाली नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. त्या दोरीच्या पोटात ही वाटी आहे. एका बाजूने दुसऱ्या हाडाला घट्ट सांधलेली अशी ती नाही, ती दोरीत ओवलेली आहे. अशी दोरीत असणारी हाडे शरीरात आणखीही आहेत, पण त्यांत सगळ्यांत मोठी हीच. पाय दुमडला की ती मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खाचेतून खाली सरकते, सरळ केला की वर येते. आणि मांडी आवळली की दोरी ताणली जाते, वाटी खेचली जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, माझे आजचे सगळे बोलणे तिच्याभोवती आहे.

वाटीचे फोटो तीन बाजूंनी काढतात. लोक फोटोच म्हणतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. क्ष-किरण हा शब्द छापील आहे, छान आहे. रेंटगेनने १८९५ साली किरण सापडल्यावर त्याला बीजगणितातल्या अज्ञाताचे अक्षर दिले, आपण आपल्या बीजगणितातले क्ष दिले, भाषांतर म्हणून याहून चोख क्वचित सापडेल. पण खिडकीशी येऊन ‘माझा क्ष-किरण काढा’ असे म्हणणारा माणूस मला एकही भेटला नाही.

पहिला फोटो समोरून. पण तो काढताना माणसाला पालथे झोपवतात. कारण साधे आहे. भिंतीवर हाताची सावली पाडून बघा. हात भिंतीजवळ असला की सावली रेखीव, दिव्याजवळ नेला की मोठी आणि धुरकट. वाटी शरीराच्या पुढच्या बाजूला आहे. माणूस उताणा असला तर फिल्म त्याच्या पाठीमागे, आणि वाटी तिच्यापासून लांब. पालथा झोपला तर वाटी फिल्मला टेकते. मग टाच किंचित बाहेर वळवायची, पाच ते दहा अंश, म्हणजे वाटी तिरकी न राहता फिल्मला समांतर होते. किरण गुडघ्याच्या मागच्या लवणीतून सोडायचा. तरीही या फोटोत वाटी मांडीच्या हाडावरच छापली जाते, दुधात मीठ टाकल्यासारखी, शोधावी लागते.

इथे मराठीचा एक मोठेपणा सांगतो. उताणे, पालथे, कुशीवर. आमच्या इंग्रजी पुस्तकात या तीन स्थितींना तीन परिभाषा आहेत, मुले त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि उलट्या लिहून येतात. आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि ते दोन वर्षांच्या बाळालाही लागू होतात. बाळ पालथे पडले की आपण घरभर सांगतो. ज्या आजींना ‘पेट के बल लेटो, उल्टा’ हे दोनदा सांगूनही कळत नाही, त्या ‘पालथ्या व्हा’ म्हटले की लगेच होतात. मी वर्गातल्या मराठी मुलांना विचारले, पालथे म्हणजे काय? सात मुलांपैकी दोघांना माहीत होते. ‘सर, पालथा घडा,’ असे एकजण म्हणाला. म्हटले, बरोबर, त्यावर पाणी ओतू नकोस, पेशंटला सांग.

दुसरा फोटो बाजूने. कुशीवर झोपवायचे, दुखरी बाजू खाली, आणि गुडघा अगदी थोडा वाकवायचा. नेहमीच्या गुडघ्याच्या फोटोला वीस-तीस अंश चालतात. वाटीसाठी पाच ते दहा, बस्स. आणि मार लागला असेल, वाटी फुटल्याची शंका असेल, तर त्याहून एक अंशही जास्त नाही. का, ते मी कसा शिकलो हे सांगितले पाहिजे.

मी नवा होतो. कुठल्या गावी, कुठल्या इस्पितळात, ते राहू द्या. संध्याकाळची वेळ, डार्करूममध्ये फिल्म धुवायच्या, एकच मशीन. एक गवंडी पायऱ्यांवरून गुडघ्यावर पडला होता. चिठ्ठीवर तिन्ही फोटो लिहिले होते, आणि त्यात तिसरा, ज्याला स्कायलाइन म्हणतात, तोही होता. त्याकाळी मला येत होता तो स्कायलाइन जुन्या पद्धतीचा, गुडघा काटकोनात किंवा त्याहूनही जास्त दुमडून. सेटेगास्ट नावाच्या जर्मन डॉक्टराची ती पद्धत, १९२१ सालची. माणूस टेबलावर आधीच अर्धा वाकून बसलेला होता, म्हणून मी तिसरा फोटो पहिल्यांदा उरकायला घेतला. त्याला म्हटले, ‘मोडो, और मोडो.’ तो मोडत नव्हता. मी त्याच्या नडगीला धरून दाबले. तो ओरडला. शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली.

नंतर बाजूचा फोटो काढला. वाटीला मधोमध आडवी चीर, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यांच्यात बोटभर अंतर. पाय दुमडला की मांडीची दोरी वरचा तुकडा वर ओढते आणि खालची खाली. आडव्या चिरेत हेच होते. ते अंतर मी वाढवले, की आधीपासून तेवढेच होते, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. कळणे शक्यच नव्हते. आधीचा फोटोच नव्हता.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्या माणसाचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून नियम आहे, आणि वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहितो: मार असेल तर बाजूचा फोटो आधी, तो बघायचा, मग स्कायलाइनचे नाव घ्यायचे. फारच दुखत असेल तर कुशीवरही वळवायचे नाही. माणूस उताणाच ठेवावा, किरण आडवा सोडावा. याचा आणखी एक फायदा आहे. हाडाच्या आतून चरबी आणि रक्त सांध्यात उतरले असेल, तर थोड्या वेळाने चरबी वर तरंगते, आमटीवर तर्री येते तशी, आणि आडव्या किरणात ती सरळ रेघ दिसते. कधीकधी चीर सापडत नाही पण ही रेघ सापडते, आणि मग चीर शोधावी लागते.

आता ‘मोडो’ या शब्दाकडे येतो. हिंदीत मोडना म्हणजे वाकवणे. मराठीत मोडणे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. इंदुरात आपण दोन्ही भाषा एकाच तोंडात बाळगतो, आणि आपली मुले सर्रास मराठीतही ‘पाय मोडा’ म्हणतात. एकदा पुण्याहून मुलीकडे आलेल्या एक आजी खोलीत होत्या. आमचा मुलगा अदबीने म्हणाला, ‘आजी, पाय मोडा.’ आजींनी त्याच्याकडे नीट बघितले आणि म्हणाल्या, ‘बाळा, तो मोडलाय का ते बघायलाच आलेय मी.’ सगळे हसलो. पण हसून झाल्यावर त्यांची मांडी मी चाचपली, ती लाकडासारखी झाली होती. शब्द विनोदाने परतवला, पण अंगाने तो ऐकला होता.

वाकवा, दुमडा, मुडपा, जवळ घ्या, ओढून घ्या. यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे. ‘दुमडा’ म्हटले की माणूस शेवटपर्यंत दुमडतो, घडीच घालतो. ‘वाकवा’ म्हटले की कमरेतून वाकतो, तुम्हाला गुडघा हवा असतो. ‘पाय ओढून घ्या’ म्हटले की मांडी आवळतो. अंश तर कोणालाच सांगता येत नाहीत. पंचेचाळीस अंश म्हणजे किती, हे पेशंटला काय, शिकाऊ मुलालाही डोळ्याने कळत नाही. म्हणून मी अंशांना बैठकी जोडल्या. वीस अंश म्हणजे दुपारी लोळताना गुडघ्याखाली पातळ उशी. पंचेचाळीस म्हणजे झोपाळ्यावर बसून पाय जरा पुढे पसरल्यासारखे. नव्वद म्हणजे खुर्ची. त्याच्या पलीकडे उकिडवे. उकिडवे बसणारा, मांडी घालणारा, जमिनीवरून उठणारा आपला समाज, आपल्याला अंशांची भाषा नको, बैठकीची आहे. आणि ‘उकिडवे बसता येते का?’ या एका प्रश्नाला मिळालेले उत्तर मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून डॉक्टरांकडे पाठवत असे. डॉक्टर ते वाचत.

तर स्कायलाइन. शहराची आकाशरेघ, असा शब्दशः अर्थ. काहीजण त्याला सनराइज म्हणतात, आणि तो शब्द मला जास्त आवडतो, कारण फोटोत खरोखर तसे दिसते. मांडीच्या हाडाची दोन टोके म्हणजे दोन डोंगर, मधली खिंड, आणि खिंडीवर वाटी उगवलेली. पहिलीतले मूल काढते तसले चित्र. या एकाच फोटोत वाटी आणि खाच यांच्यातली फट मोकळी दिसते. वाटी खिंडीच्या मधोमध आहे, की बाहेरच्या डोंगरावर कलली आहे, हे इथेच कळते.

पण किती दुमडून काढायचा, यावर डॉक्टर लोकांनी पन्नास-साठ वर्षे घोळ घातला आणि तो घोळ योग्य होता. जास्त दुमडले की वाटी खिंडीत खोल जाऊन बसते, मग ती सरकणारी असली तरी शहाण्यासारखी मध्यावर दिसते. म्हणून अंश कमी कमी होत गेले. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १९६८ मध्ये पन्नास-साठ अंशांच्या आसपास काढायला सांगितले, माणूस पालथा ठेवून. मर्चंटने १९७४ मध्ये पंचेचाळीस. (नावावरून मुंबईचे वाटतात, पण तेही अमेरिकेतलेच.) कॅनडातल्या लॉरिनने १९७८ मध्ये वीस अंशांवर आणले. वीस अंशांवर वाटी खिंडीच्या तोंडाशी असते, तिथे ती खरे काय ते दाखवते. पण तिथे किरण नेमका सोडणे अवघड, पायाची बोटे आड येतात.

मर्चंटच्या पद्धतीचे सांगतो, कारण त्यात आपला मुद्दा आहे. माणूस उताणा, पाय टेबलाच्या टोकावरून खाली एका चौकटीवर पंचेचाळीस अंशात, दोन्ही गुडघे एकत्र, फिल्म नडग्यांवर उभी, किरण वरून आडव्या रेषेला तीस अंश खाली कललेला. आणि पोटऱ्या पट्ट्याने बांधलेल्या. पट्टा कशाला? पेशंट पळून जाईल म्हणून नव्हे. पाय सांभाळण्याचे काम पट्ट्याने केले की ते मांडीला करावे लागत नाही, मांडी सैल पडते. मांडी सैल नसेल तर दोरी ताणलेली, दोरी ताणलेली तर वाटी खेचून खिंडीत बसवलेली, आणि फोटो चांगला स्वच्छ, रेखीव आणि खोटा.

आपल्या लहान केंद्रांमध्ये ती चौकट नसते. माझ्याकडेही बरीच वर्षे नव्हती. आम्ही माणसाला टेबलावर टेकून बसवायचो, गुडघ्याखाली वाळूच्या पिशव्या, फिल्मची कॅसेट त्याच्याच हातात मांडीवर उभी धरायला द्यायची, आणि किरण पायांकडून वर. म्हणजे या फोटोत पेशंट नुसता निजलेला नाही, तो आमचा हात आहे. त्याने पाठ मागे टेकली पाहिजे, कारण किरण त्याच्या अंगाकडे येतो. गंमत वाटून पुढे वाकून बघणाऱ्या आजोबांना मी कितीदा तरी मागे केले आहे. कॅसेट घट्ट धरायची आणि मांडी सैल सोडायची. करून बघा घरी. हात घट्ट आणि मांडी सैल, हे अंगाला एकदम सांगणे सोपे नाही. त्यासाठी शब्द लागतो.

तो शब्द कोणता, हे मला एका मुलीने शिकवले.

सोळा-सतरा वर्षांची असेल. पांढुर्णा-मुलताईकडची, आजीबरोबर आलेली. त्या भागातली मराठी वऱ्हाडी वळणाची, तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीवर गुडघेदुखी एवढेच होते. मी विचारले, काय होते? ती म्हणाली, ‘टोंगळ्याची वाटी सरकते.’ बाहेरच्या बाजूला हात नेऊन तिने दाखवलेही. चालता चालता, वळताना, पाण्याची घागर उतरवताना. सरकते, ती पडते, मग आपोआप जागेवर येते. जागेवर आल्यावर काही दिसत नाही. पिशवीतून तिने आधीच्या तीन जागांचे फोटो काढले. तिन्ही स्कायलाइन, तिन्ही काटकोनात दुमडलेले, तिन्हींत वाटी मध्यावर. रिपोर्टही तेच सांगत होते. एका चिठ्ठीवर कोणीतरी इंग्रजीत लिहिले होते की पेशंट सहकार्य करत नाही.

आजी बाहेर गेल्यावर मुलगी मला म्हणाली, ‘घरचे म्हणतात, मी शाळा बुडवायला करते.’

मी तिला टेबलावर घेतले. पिशव्या कमी ठेवल्या, वीस-तीस अंश. सवयीने म्हटले, ‘हलू नकोस.’ आणि तिच्या मांडीवर हात ठेवला तर दगड. हलू नकोस म्हटले की माणूस काय करतो? श्वास धरतो, दात आवळतो, मांडी आवळतो. आपण त्याला स्थिर राहा म्हणतो, तो ताठ होतो. गुडघ्याच्या फोटोला श्वास धरायची काहीच गरज नाही, पण एक्स-रेच्या खोलीत आला की प्रत्येकजण श्वास धरतो, छातीचा काढतात तसा. मग मी म्हटले, ‘ढिला सोड.’ ती म्हणाली, ‘सोडला.’ नव्हता सोडलेला. ‘रिलॅक्स’ म्हटले, ती कसनुशी हसली. तिसऱ्यांदा मी काय म्हटले ते मी ठरवून म्हटले नव्हते. माझी मुलगी लहानपणी कडेवर झोपली की अचानक जड व्हायची, ते डोक्यात आले असावे. म्हटले, ‘पाय जड होऊ दे. झोपलेल्या लेकराचा असतो तसा. मी धरलाय.’

तिच्या पायाचे वजन माझ्या तळहातावर आले. खरोखर आले, दोन किलो, तीन किलो, येतच राहिले. श्वास चालू होता. बाहेरून सहकाऱ्याला खूण केली, पाय पिशव्यांवर अलगद टेकवून बाजूला झालो.

फोटोत वाटी खिंडीत नव्हती. बाहेरच्या डोंगराच्या उतारावर, काठाशी कललेली होती. ओली फिल्म घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. पुढे काय उपचार झाले हा माझा विषय नाही, आणि त्याचा मला अभिमानही नाही, कारण फोटो काढणे हे माझे कामच होते. पण आजीला फिल्म उजेडात धरून दाखवली तेव्हा त्या नातीकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे खरंच सरकते व माय.’ मुलगी काही बोलली नाही. बूट घालत राहिली.

आधीच्या तीन जागचे लोक मूर्ख नव्हते. त्यांनी पुस्तकातले अंश पाळले असतील, किरण बरोबर सोडला असेल, आणि ‘हिलना मत’ हेही बरोबर सांगितले असेल, कारण हलले तर फोटो पुसट येतो. फक्त तिला जे सांगितले त्याचा तिच्या मांडीने काय अर्थ घेतला, हे कोणी बघितले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत पायाची स्थिती दिलेली असते, ट्यूबचा कोन असतो, फिल्मचे अंतर असते, व्होल्टेज असते. पेशंटला काय म्हणायचे, ते वाक्य नसते. मला ते वाक्य ट्यूबच्या कोनाइतकेच तंत्राचा भाग वाटते. ते चुकले तर फोटो चुकतो, आणि वाईट म्हणजे तो चुकलेला दिसत नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. कोणत्या माणसाला कोणते वाक्य लागू पडले. ‘सैल सोडा’ हे कपड्याशी जोडलेले आहे, बायका पदराकडे हात नेतात, म्हणून नको. ‘ढिला सोडा’ पुरुषांना चालतो, विशेषतः ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना, कासरा ढिला सोडतात तसा. पहिलवानांना ‘सोडा’ म्हणून उपयोगच नाही. त्यांना आधी म्हणायचे, ‘आवळा, जोरात, अजून’, आणि मग, ‘आता पुरे.’ पुरे म्हटले की उतरते. शिक्षकांना कारण सांगावे लागते. लहान मुलांना गोष्ट. ‘पाय जड होऊ द्या’ सगळ्यांत जास्त वेळा चालले, आणि ‘पाय मला द्या’ त्याच्या खालोखाल. ‘लोंबू द्या’ हे टेबलाच्या टोकावर बसलेल्यांसाठी. मराठीत लोंबणे, लोळणे, कलंडणे, विसावणे असे सैलपणाचे केवढे शब्द आहेत, आणि आम्ही खोलीत सगळ्यांच्या जागी एक ‘रिलॅक्स’ ठेवला आहे.

उलट दिशेनेही तेच. लोक आम्हाला काय सांगतात, ते ऐकायला शिकावे लागते. ‘वाटी सरकली’, ‘वाटी झिजली’, ‘वाटी वाजते’, ‘वाटी बसली’ ही चार वेगळी दुखणी आहेत. ‘वाटी झिजली’ म्हणणाऱ्याचा बहुतेक वेळा अख्खा सांधा झिजलेला असतो. आणि ‘काकूंची वाटी बदलली’ असे आपण म्हणतो तेव्हा बदललेली असतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची तोंडे, वाटीची मागची बाजू कधी बदलतात, कधी तशीच ठेवतात. त्यामुळे ‘माझी वाटी नवी आहे’ म्हणणाऱ्या काकांना फोटोत त्यांची जुनीच वाटी दाखवली की ते डॉक्टरवर संशय घेतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा फोटो बघून ‘वाटीच नाही हो!’ म्हणून घाबरलेले वडील मी पाहिले आहेत. ती असते, पण अजून कूर्चेची असते, मऊ, किरणांना दिसत नाही. तिच्यात हाड धरायला साधारण तीन ते सहा वर्षांचे व्हावे लागते. आणि शंभरात एखाद-दुसऱ्याची वाटी जन्मतःच दोन तुकड्यांची असते, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक छोटा तुकडा वेगळा, कडा गोल आणि गुळगुळीत. नवशिके तिला फ्रॅक्चर म्हणतात. फुटलेल्या वाटीची कड बशी फुटल्यासारखी असते, ही कड नदीतल्या गोट्यासारखी. दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढला तर पुष्कळदा तिथेही तसाच तुकडा सापडतो.

आता सगळे डिजिटल झाले. डार्करूम गेली, फिल्म धुवावी लागत नाही, पडद्यावर लगेच दिसते. मुले म्हणतात, सर, नाही जमला तर परत काढू. परत काढताना पेशंटच्या अंगातून किरण परत जातो, तो डिजिटल झाला म्हणून फुकट होत नाही. आणि मघाच्या मुलीचा फोटो शंभर वेळा काढला असता तरी शंभर वेळा तसाच खोटा आला असता.

माझी एक विनंती आहे, म्हणूनच मी आलो. वहीत आत्तापर्यंत इंदूर, देवास, उज्जैन, बऱ्हाणपूर आणि पांढुर्ण्याकडची वाक्ये आहेत. ग्वाल्हेरची फार थोडी. वडोदरा, हैदराबाद, बेळगाव आणि गोव्याची जवळजवळ नाहीत. तिथे मराठी आजी गुडघ्याला काय म्हणते, टोंगळा की ढोपर, आणि तिथला मुलगा तिला पाय सैल करायला काय सांगतो, हे मला इथे बसून कळणार नाही. वार्षिकांक त्या गावांना जातो. ज्यांच्या घरात कोणी एक्स-रेच्या कामात आहे, फिजिओथेरपी करते, हाडे बसवते, त्यांनी दोन-दोन वाक्ये लिहून अकादमीच्या पत्त्यावर पाठवावीत. वाक्य जसे बोलता तसेच लिहा, शुद्ध करू नका. वही मी चिटणीसांपाशी ठेवून जातो आहे. डावी पाने भरलेली आहेत, उजवी मी कोरी सोडली आहेत.